ओळखीचा असला तरी

मला कोणी पर्स उघडायला लावली की माझं डोकंच फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जो उपद्व्याप केला तो कोणत्या रागात केला ते कळेल. आदिलाबादच्या कलेक्टर ऑफिसात, महसूल शाखेत, माझी बावीस वर्षं गेली. आमच्याकडे अर्जाला अजून दरखास्तच म्हणतात, आणि लोकांच्या दरखास्ती वाचून वाचून ती खोड मलाही लागली. नळाला पाणी नाही, लिही दरखास्त. गल्लीतला दिवा गेला, लिही दरखास्त. आमचे हे म्हणतात, पद्मिनी, तू वर गेलीस की यमाच्या हातातही आधी कागद ठेवशील. म्हणू देत.

रविवारची मॅटिनी हा माझा एकुलता एक शौक. बाबा बोट धरून न्यायचे तेव्हापासूनचा. टॉकीज तीच, एका पडद्याची, कापूस मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. पिक्चर बहुतेक तेलुगू, अधूनमधून हिंदी, वर्षातून एखादा मराठी. कोणताही असो, मला चालतो. सहा दिवस फायली उपसायच्या आणि सातव्या दिवशी अडीच तास अंधारात बसायचं, तिथं कोणी 'मॅडम, माझं काम कुठवर आलं' म्हणत नाही. एवढ्यावर माझा आठवडा निघतो.

आणि त्या टॉकीजच्या गेटावर चंपतकाका. बेल्याकडच्या खेड्यातून तरुणपणी आले आणि चौतीस वर्षं तिथंच तिकिटं फाडत उभे आहेत. उभे म्हणजे खरोखरच उभे. जुन्या मालकांनी त्यांना एक स्टूल दिलं होतं, त्यावर कायम त्यांची पाण्याची बाटली बसलेली. काका गेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालणार, मधेच पायरी उतरून रस्त्यावर नजर टाकणार, परत वर येणार. एकदा पाहिलेला चेहरा विसरायचे नाहीत. कोण पिऊन आलंय ते त्यांना चालीवरून कळायचं, आणि ते त्या माणसाला खांद्यावर हात टाकून गोडीगोडीत परत लावून द्यायचे. तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला एकच प्रश्न, "काऊन, घरी सारे बरे?" माझ्या बाबांना तो विचारला, मला विचारला, माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा त्यालाही विचारला. दोन वर्षांपूर्वी कधीतरी ते विचारणं बंद झालं. मला वाटलं, वय झालं माणसाचं, थकले असतील.

तर यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गेले तर गेटात एक चौकट उभी. वर लाल-हिरवे दिवे, अंगावर लोखंड असलेला माणूस खालून गेला की टीं करून वाजणारी. चंपतकाकांच्या हातात एक काळी दांडी. रांगेत लोक दोन्ही हात वर करून उभे आणि काका त्यांच्या अंगावरून ती दांडी फिरवतायत. बाजूला पडदा लावून बायकांची वेगळी सोय, तिथं रंजीता नावाची नवी बाई. तिनं माझी पर्स उघडायला लावली. रक्तदाबाच्या गोळ्या काढून पाहिल्या, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी दाबून पाहिली, सुपारीच्या डबीचं झाकण उघडून वास घेतला.

"हे काय बाई, मी कोणाच्या घरात दरोडा घालायला आले का?" मी म्हटलं.

"मी काय करू ताई, साऱ्यायचीच पाहून राह्यलो," ती म्हणाली. बिचारी घाबरली होती, पण तेव्हा मला तिची दया आली नाही.

त्या दिवशी पिक्चर काय होता ते मला आजही आठवत नाही. मी आतल्या आत धुमसत बसले. बरं, पर्सचं एक वेळ सोडा. मला जास्त लागलं ते चंपतकाकांचं. पांडुरंगराव गुरुजी, ऐंशीच्या घरातला माणूस, धोतर सावरत हात वर करून उभे, आणि काका खाली मान घालून त्यांच्या पोटावरून दांडी फिरवतायत. ज्या माणसाची नजर चौतीस वर्षं पुरली, त्याच्या हातात हे वाजणारं खेळणं देऊन शेटनं त्याची ही किंमत केली, असं मला वाटलं. शेट म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. शिकून आलाय, नवीन नवीन काढत असतो.

मी दरखास्त लिहिली. चांगली दोन पानी. टॉकीज म्हणजे कोर्ट नव्हे, कचेरी नव्हे, चार घटका मन रमवायची जागा आहे. आज काका तपासतायत म्हणून सगळ्यांची सारखी तपासणी होते. उद्या सिक्युरिटी एजन्सीचे बाहेरचे गार्ड आले की धोतरवाला, डोक्यावर गाठोडं असलेली, जंगलाकडच्या गावातून आलेला, यांनाच उलटंपालटं करतील, आणि गाडीतून उतरणाऱ्याला सलाम ठोकतील. ऑफिसात मी हेच रोज पाहते. शेवटी लिहिलं, की गेटावरच्या जुन्या आणि इमानदार कर्मचाऱ्याचा यात अपमान होत आहे. ऑफिसात, कॉलनीत, बँकेत, भाजीबाजारात फिरले. एकशे बारा सह्या झाल्या. लोक आधीच चिडलेले होते, कागद पुढे केला की पेन मागायचे.

सर्वांत वर, पहिल्या ओळीत, मी एक जागा रिकामी ठेवली होती. ती चंपतकाकांच्या सहीची.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून गेले. दोन शोंच्या मधली वेळ, गेटावर शुकशुकाट. मार्केटाकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि त्यांचा उडालेला कापूस त्या चौकटीच्या पायाशी येऊन अडकला होता. काका तो पायानं बाजूला करत येरझारा घालत होते. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर गोपालभाऊ बसलेले, टॉकीजकडे पाठ करून. गोपालभाऊ म्हणजे टॉर्चवाले. अंधारात लोकांना खुर्ची दाखवायचं काम वीस-बावीस वर्षं त्यांच्याकडे. ते आणि चंपतकाका एका डब्यात जेवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला नव्या पिक्चरच्या पहिल्या शोला आत मारामारी झाली, त्यात त्यांचा हात कायमचा अधू झाला आणि कामही सुटलं. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही तेवढंच.

मी कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, बोट ठेवून, ओळ न ओळ. 'अपमान' या शब्दावर बोट थांबलं.

"ताई," ते म्हणाले, "हे मशीन मीच मांगलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणता काका?"

"दोन वर्सं शेटच्या मांगं लागलो. तो म्हने, काका, गिऱ्हाईक पळते. मी म्हनलं, पळू द्या. शेवटी कटकटला आन् आनून देल्लं."

"पण काऊन?" माझ्याही तोंडून 'का'च्या जागी काऊनच निघालं.

काका पायरी उतरून खाली गेले, रस्त्यावर पाहिलं, वर आले. "मारोतीले तुमी पाह्यलं असन. दर शुक्करवारी पह्यला शो, पह्यल्या लायनीत. नवीन पिक्चर लागलं का नारळ तोच फोडे. पोरगा चांगला होता ताई, मले काका म्हने. त्या संक्रांतीले आला. मी त्याले म्हनलं, काऊन मारोती, घरी सारे बरे? तो म्हने, बरे हायेत काका. हसला बी. मी तिकीट फाडलं, जा म्हनलं. त्याच्या शर्टाखाली, कमरेले, कत्ती होती."

कत्ती म्हणजे मोठा सुरा. शब्द तेलुगू, पण आमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडी.

"आत कोनाशी जुनं भांडन होतं त्याचं. खुर्चीवरून निमित्त झालं. त्यानं कत्ती काढली, तो दुसरा बाजूले झाला, आन् मधी गोपाल गेला टॉर्च घेऊन. त्यानं हात आडवा केला." काकांनी स्वतःचा उजवा हात तसा धरून दाखवला. "हाड तुटलं. नागपूरले नेलं, आत लोखंडाची पट्टी टाकली. दोन बोटं वळतच नाई आता. टॉर्च धरता येत नाई त्याले."

काकाच बोलत राहिले. हे सगळं त्यांनी कोणाला सांगितलेलं दिसत नव्हतं.

"तो मले एका शब्दानं नाई बोलला. दवाखान्यात मी गेलो तर फक्त म्हनला, चंपत, तुह्या गेटावरून जोवर वळखीवर मानूस आत जाते, तोवर मी त्या टॉकीजात पाय ठेवनार नाई. बस. रोज येते, तिथं बसून चाय पेते, पाठ इकडं. घरी करमत नाई त्याले, आन् आत येववत नाई. मले तो परत पाह्यजे ताई. दांडी फिरवाले मले काई गोड वाटते का? पांडुरंगराव सरायनं मले चौथीत शिकवलं. ते म्हनले, चंपत, आता माह्याजवळ काय शोधून राह्यला बाप्पा. मले मेल्यासारखं झालं. पन मी फिरवली. ज्याले वळखतो त्यालेच आधी फिरवतो मी."

"आणि शेट काय म्हणतात?"

"शेटनं दोन मयने देल्ले. लोकायची लेखी तक्रार आली तर काढून टाकतो म्हने." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "तुमाले द्यायची असन तर द्या ताई. तुमचं बी खोटं नाई. पन मी सही नाई करनार."

मी घरी आले. तो कागद पर्समध्ये आणि पर्स खांद्याला. पुढचे तीन दिवस मला काही सुचेना. एकशे बारा लोकांनी माझ्या भरवशावर सह्या केलेल्या, त्यांना काय सांगू? आणि मी लिहिलेलं एक वाक्य तरी खोटं होतं का? एजन्सीचे गार्ड उद्या येणार नाहीत याची हमी कोण देणार? पण दुसरीकडे तो आडवा धरलेला हात डोळ्यांपुढून हलेना. फाईल वाचताना मधेच उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे. आमचे हे म्हणाले, बसून जेव तरी. मी म्हटलं, जेवतेच आहे, आणि ताट घेऊन उभीच होते. मलाच माझा राग येत होता. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर शेरे मारले आणि स्वतःच्या कागदावर काय शेरा मारावा ते कळेना.

रविवारी शेट टॉकीजच्या ऑफिसात बसतो. शेवटी मी ठरवलं, मॅटिनीला जायचं, त्याला भेटायचं, आणि काय ते एकदाचं करून टाकायचं.

त्या दिवशी गर्दी बरी होती. बायकांच्या रांगेत माझ्या पुढे दोघी जणी, एक वयस्क आणि एक तरणी, तरणीच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. वयस्क बाईला मी ओळखलं. बयनाबाई, चंपतकाकांची बायको. तरणी म्हणजे त्यांची मुलगी रुपा, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या बोलण्यावरून कळलं, दोन महिने एका खोलीत काढून तिचा जीव उबगला होता आणि काकांनीच म्हटलं होतं, ये, मागच्या लायनीत बसून अर्धा पिक्चर पाहून जा. दोन महिन्यांचं लेकरू आणि टॉकीज, मला काही पटलं नव्हतं. पण काकांचा चेहरा काय सांगू. इतरांवर दांडी फिरवता फिरवता दर मिनिटाला मान वळवून नातवाकडे पाहत होते.

रंजीतानं पडद्याआड रुपाला घेतलं. मी पडद्याला लागूनच उभी. दांडी वाजली. मग रंजीता पडदा बाजूला करून बाहेर आली, तोंड पडलेलं.

"मामा," तिनं चंपतकाकांना हाक मारली, "जरा इकडं या न."

दुपट्याच्या घडीत चाकू होता. लाकडी मुठीचा, वीतभर पात्याचा, घरात भाजी चिरायचा असतो तसा. रुपाच्या हातात तो तसाच उघडा आणि रंजीता त्याला हात लावायला तयार नाही.

आमच्या भागातल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. बाळंतीण आणि लेकरू यांच्याजवळ लोखंड ठेवतात. घरात उशाखाली विळा किंवा चाकू, आणि उंबरठा ओलांडायचा असेल तर तेच सोबत. वाईट नजर, वाईट वारं लेकराला लागू नये म्हणून. बहुतेक घरांत सव्वा महिन्यानं हे सुटतं. पण रुपाचं पहिलं लेकरू चौदाव्या दिवशी गेलं होतं, आणि त्या दिवशी अंथरूण झटकताना विळा बाजूला ठेवला आणि परत ठेवायचा राहिला, हे बयनाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून यावेळी दोन महिने झाले तरी लोखंड हललं नव्हतं. शेटनं भिंतीवर तीन भाषांत यादी लावली होती, चाकू, सुरी, ब्लेड, कात्री, काय काय. बाळंतिणीचं लोखंड आलं तर काय करायचं ते कोणत्याच भाषेत लिहिलेलं नव्हतं. आणि काकांनीही बोलावताना त्याचा विचार केला नव्हता. ते घरात रोज ते पाहत होते, त्यामुळे त्यांना तो चाकू वाटतच नव्हता.

"मी नाई काढनार मामा," रंजीता म्हणाली. "लेकराजवळचं लोखंड कशी काढू मी? माह्याच्यानं होत नाई."

मागची रांग दाटली. पण कोणी चिडलं नाही, हे मुद्दाम सांगते. उलट सगळेच हळहळले. पुरुषांच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, तुमचीच पोरगी हाय." दुसरा म्हणाला, "ते कोनाले मारनार हाय का त्यानं." आणि त्या सगळ्यांच्या वर माझा आवाज. मी म्हटलं, "काका, सोडा ना तिला. बाळंतीण आहे. तिला काय तुम्ही ओळखत नाही का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मारोतीले बी वळखत होतो मी, ताई."

माझी नजर आपोआप रस्त्यापलीकडे गेली. टपरीवर गोपालभाऊ वळून बसले होते. गेटावरचा गलका एकदम थांबला म्हणून असेल. चहाचा ग्लास डाव्या हातात आणि नजर सरळ इकडे. दोन वर्षांत मी त्यांचा चेहरा गेटाकडे पाहिला नव्हता.

काकांनाही ते दिसलं. त्यांनी हात पुढे केला. "रुपा, दे तो इकडं."

बयनाबाई मधे आली. तिचा आवाज चढला नव्हता. "लेकराजवळून लोखंड काढू नका. मी सांगून ठेवतो. एकदा केलं मी, आता नाई. तुमाले तुमचं गेट प्यारं असन तर आमी घरी जातो."

"मंग घरी जा," काका म्हणाले. एवढंच. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला नाही. "चाकू आत जानार नाई, बयना. कोनाचा बी."

मला काकांचा संताप आला. वाटलं, हा कसला माणूस, एका मित्रासाठी पोटच्या पोरीला रांगेतून परत पाठवतोय. आणि त्याच वेळी वाटत होतं, आता यांनी सोडलं तर सगळंच संपलं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि माझे पाय एका जागी ठरत नव्हते. पर्समधला कागद मी पर्सवरूनच घट्ट धरला होता.

रुपानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग चार पावलं टाकून गेटाशी गेली, स्टुलावरची पाण्याची बाटली उचलून खाली ठेवली आणि काकांना म्हणाली, "बाबा, बसा."

"काय?"

"बसा म्हनतो न. लेकरू तुमी घ्या आन् लोखंड बी तुमच्यापाशीच राहू द्या. लेकरू बी आत येत नाई आन् चाकू बी आत येत नाई. दोन मयने झाले मी खोलीतलं छत पाहून राह्यलो. मी पिक्चर पाहून येतो."

रांगेत कोणीतरी हसलं. मग दोघंतिघं हसले. काका आधी नाही म्हणाले, मग इकडेतिकडे पाहिलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. रुपानं लेकरू त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. बयनाबाई बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं चाकू पोरीच्या हातातून घेतला, वाकून स्टुलाखाली, बरोबर लेकराच्या खाली ठेवला.

"उठाचं नाई," ती नवऱ्याला म्हणाली. "भूकंप झाला तरी उठाचं नाई." मग दोघी मायलेकी चौकटीखालून आत गेल्या, आणि चौकट वाजली नाही.

रांग सरकली. आता दांडी फिरवायला पुरुषांच्या बाजूला माणूसच नाही. काका बसल्या बसल्या एकेकाला खिसे बाहेर काढायला लावत होते आणि लोकही निमूट काढत होते. माझी पर्स रंजीतानं तपासली. शेंगदाणे दाबले, डबीचा वास घेतला, घडी केलेला कागद उलगडून पाहिला आणि परत ठेवला. या वेळी मला राग आला नाही असं नाही. आला. अजूनही येतो. पण मी बोलले नाही. आतून पिक्चर सुरू झाल्याचा आवाज आला, शेटच्या ऑफिसाचं दार समोर उघडं होतं, आणि मी ना इकडे गेले ना तिकडे. गेटापाशीच घुटमळत राहिले. कशाची वाट पाहत होते, तेव्हा सांगता आलं नसतं.

गोपालभाऊंनी ग्लास ठेवला. रस्ता ओलांडला. एक कापसाची गाडी गेली तिच्यासाठी थांबले, मग तिकीट खिडकीशी गेले, तिकीट घेतलं आणि पायऱ्या चढून गेटात आले. काकांपुढे उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. उजव्या हाताची दोन बोटं सरळच राहिली.

"तपास," ते म्हणाले.

काका उठायला गेले आणि लेकरू कुरकुरलं. ते परत बसले. दोन्ही हात लेकराखाली अडकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, ते दांडी घेता का जरा?"

आता मी, जिनं एकशे बारा सह्या जमवल्या ती, ती दांडी हातात घेऊन उभी. वाटलं त्यापेक्षा हलकी होती. आमच्या ऑफिसात मी माणसांना चकरा मारायला लावल्या आहेत, पण अंगावरून असं काही फिरवलं नव्हतं, आणि गोपालभाऊ तर हसून, मान खाली घालून सगळं करू देत होते. खांद्यांवरून नेली, छातीवरून नेली, खिशांवरून नेली. डाव्या हातावर काही नाही. उजव्या मनगटावर आली आणि वाजली. मी पुन्हा नेली. पुन्हा वाजली.

"घड्याळ काढा गोपालभाऊ," मी म्हटलं. माझी अक्कल तेव्हा कुठं गेली होती देव जाणे.

त्यांनी बाही वर सरकवली. घड्याळ नव्हतं. मनगटापासून वर गेलेली टाक्यांची लांब रेघ होती.

"हे काढता येत नाई ताई. हाडात हाय." मग ते काकांकडे वळले. "चंपत, तुह्याच गेटावरचं लोखंड हाय हे. ठेवून घेतोस का स्टुलाखाली?"

चंपतकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. दाढीच्या खुंटांवरून ते नातवाच्या दुपट्यावर पडत होतं. "तिकीट दे," ते म्हणाले. त्यांनी लेकराखालून दोन बोटं कशीबशी बाहेर काढली, गोपालभाऊंनी तिकिटाचं एक टोक आपल्या चांगल्या हातात धरून ठेवलं, दुसरं काकांनी ओढलं, आणि दोघांत मिळून ते एक तिकीट फाटलं.

गोपालभाऊ चौकटीखालून गेले. ती वाजली, लाल दिवा लागला. त्यांना कोणी अडवलं नाही. ते दाराच्या पडद्याला हात लावतात न लावतात तोच मागून काकांचा आवाज आला, दोन वर्षांत मी न ऐकलेला.

"काऊन गोपाल, घरी सारे बरे?"

"बरे हायेत," गोपालभाऊ म्हणाले आणि आत गेले.